आवडलें म्हणजे पाहिलें काय?

मनुष्याला जें सुंदर दिसतें तें एकट्यानें पाहून त्याचें समाधान होत नाहीं. आकाशांत इंद्रधनुष्य उमटलें कीं लहान मूल प्रथम घरांत धावत जातें आणि आईचा पदर ओढून तिला अंगणांत आणतें. दाखविण्याची ही ओढ मनुष्यस्वभावांत इतकी खोल आहे कीं, आज ज्या मोबाईल-कॅमेऱ्याचें एवढें प्रस्थ माजलें आहे त्याचा जन्मच मुळीं तिच्या पोटीं झाला असें म्हणतां येईल. १९९७ सालच्या जून महिन्यांत कॅलिफोर्नियांतील एका प्रसूतिगृहांत बसून फिलिप कान नांवाच्या गृहस्थानें आपला मोबाईल, एक लहानसा डिजिटल कॅमेरा व संगणक हीं तिन्ही एकमेकांस जोडलीं, आणि आपल्या नवजात कन्येचें चित्र दूरदूरच्या दोन हजारांहून अधिक आप्तेष्टांस त्याच घटकेस पाठविलें. तेव्हां चित्र घेणें आणि चित्र दाखविणें ह्या दोन क्रिया ह्या यंत्रांत आरंभापासूनच एकजीव झालेल्या आहेत. दाखविणाऱ्यांविषयीं आमची कांहींच तक्रार नाहीं. आमचा प्रश्न पाहणाऱ्यांविषयीं आहे.

हल्लीं गांवोगांवीं हौशी छायाचित्रकारांचीं मंडळें मोबाईलवर चालतात. त्यांत शाळेंतील मुलें आहेत, बँकेंतील कारकून आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त गृहस्थ आहेत, आणि घरकाम उरकून दुपारीं गच्चीवरच्या चिमण्यांचें चित्र घेणाऱ्या गृहिणीही आहेत. रोज कोणी ना कोणी चित्र पाठवितो. आठवड्यास एखादी स्पर्धा ठेवितात. ‘पाऊस’, ‘आजी’, ‘जुनें दार’ असे विषय देतात. आणि ज्या चित्रास पसंतीच्या खुणा अधिक पडतील तें पहिलें ठरतें. वरवर पाहतां ह्यांत दोष तो कोणता? ज्या कलेसाठीं पूर्वीं महागडीं यंत्रें, अंधारी खोली व रसायनें लागत, ती आज गरिबाच्या मुलासही साध्य झाली, ही केवढी आनंदाची गोष्ट आहे! तो आनंद आम्हांसही आहे. परंतु जेथें चित्र दाखविणारे पुष्कळ आणि पाहणारा कोणीच नाहीं, असें मंडळ म्हणजे सगळेच वक्ते व श्रोता एकही नाहीं अशी सभा होय.

पसंतीची ती खूण वस्तुतः काय सांगते ह्याचा थोडा विचार केला पाहिजे. एकच आंगठा कधीं ‘तुझें चित्र पोंचलें’ असें म्हणतो. कधीं ‘तूं माझा मित्र आहेस’ असें म्हणतो. कधीं ‘काल तूं माझ्या चित्राला खूण दिलीस म्हणून आज मी तुझ्या चित्राला देतों’ असें म्हणतो. आणि क्वचित् ‘हें चित्र मला खरोखर आवडलें’ असेंही म्हणतो. इतके निरनिराळे अर्थ एका खुणेंत कोंबल्यावर त्या खुणांची बेरीज करणें व तिला परीक्षण म्हणणें, म्हणजे आंबे, धोंडे आणि नमस्कार एकाच तराजूंत घालून वजन करण्यासारखें आहे. उंटानें गाढवाच्या गळ्याची आणि गाढवानें उंटाच्या रूपाची तारीफ केल्याची जुनी गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे. पण त्या दोघांनीं निदान एकमेकांकडे पाहिलें तरी होतें, ऐकलें तरी होतें. आतां तर न पाहतांच तारीफ उरकतां येते.

कोणी म्हणेल, काळच धांवपळीचा. पूर्वींच्या लोकांस तरी दुसऱ्याचें चित्र निरखून पाहाण्यास सवड कोठें होती? त्यांस सवड काढावी लागे, आणि ते ती काढीत. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकापासून टपालानें चालणारीं छायाचित्र-मंडळें होतीं. सभासदांचीं चित्रें एका पेटींत घालून ती पेटी एका घरून दुसऱ्या घरीं टपालानें जाई. पेटी आली कीं सभासद इतरांच्या चित्रांवर आपला अभिप्राय कागदावर लिही, आपल्या चित्रावर आलेले अभिप्राय वाची, आपलें जुनें चित्र काढून त्या जागीं नवें ठेवी आणि पेटी पुढच्या पत्त्यावर रवाना करी. आपल्या मुंबईंतही १८५४ सालींच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, व भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकीं होते. त्या काळीं सभेंत चित्र मांडावयाचें म्हणजे जाणत्यांच्या नजरेखालीं तें ठेवावयाचें. टपालाच्या पेटीचा नियम साधा होता, पण त्यांत मोठें शहाणपण होतें: तुझें चित्र दहा जणांनीं पाहावें अशी तुझी इच्छा असेल, तर दहा जणांचीं चित्रें तूं पाहिलीं पाहिजेस, आणि काय पाहिलेंस तें लिहिलें पाहिजे. दाखविण्याच्या हक्कास पाहाण्याचें ऋण जोडलेलें होतें. आजच्या मंडळांत हक्क तेवढा राहिला आणि ऋण मात्र बुडालें.

पसंतीच्या आंकड्यांत आणखी एक दोष आहे. चित्राखालचा आंकडा आधीं डोळ्यांत भरतो, आणि मग चित्र दिसतें. २००६ सालीं अमेरिकेंतील तीन संशोधकांनीं ह्याच जातीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं अप्रसिद्ध गायकवृंदांचीं ४८ गाणीं १४,००० हून अधिक श्रोत्यांपुढें ठेविलीं. कांहीं श्रोत्यांस केवळ गाणीं ऐकविलीं. इतरांचे निरनिराळे गट करून, आपल्या गटांतील किती जणांनीं कोणतें गाणें उतरवून घेतलें तो आंकडाही त्यांस दाखविला. आंकडा दिसूं लागतांच लोकप्रिय गाणीं अधिकच लोकप्रिय झालीं व मागें पडलेलीं अधिकच मागें पडलीं. इतकेंच नव्हे, तर कोणतें गाणें वर चढेल हें गटागटांत निराळें ठरलें. फार चांगलें गाणें सहसा तळाला गेलें नाहीं, फार वाईट सहसा वर आलें नाहीं. परंतु मधल्या सगळ्यांचें भवितव्य पहिल्या दोन-चार श्रोत्यांनीं कोणीकडे तोंड वळविलें ह्यावर अवलंबून राहिलें. छायाचित्रांची गोष्ट निराळी असेल असें आम्हांस वाटत नाहीं. इन्स्टाग्राम ह्या प्रसिद्ध चित्र-व्यासपीठाच्या चालकांनाही ह्या आंकड्यांचा विचार करावा लागला. २०१९ सालीं त्यांनीं प्रथम कॅनडांत व नंतर इतर देशांत पसंतीचे आंकडे झांकून पाहिले, आणि २०२१ सालीं आंकडे झांकून ठेवण्याची मुभा सर्वांस दिली. ज्यांचा धंदाच त्या खुणांवर उभा आहे त्यांनाही जें झांकून पाहावेंसें वाटलें, तें आमच्या लहानशा मंडळांनीं छातीला बिल्ल्यासारखें कां लावावें?

ह्याचा परिणाम कोणावर होतो? जो आधींच लोकप्रिय आहे त्याच्यावर नाहीं; जो नवा आहे व भिडस्त आहे त्याच्यावर होतो. आमच्या एका विद्यार्थ्यानें तांदूळ निवडणाऱ्या आपल्या आईच्या हातांचें चित्र मित्रमंडळांत पाठविलें. सूप, दारांतून येणारा उजेड आणि दोन हात, एवढेंच त्यांत होतें. त्याच दिवशीं दुसऱ्या एकानें धरणावरील सूर्यास्ताचें, रंग वाढवून भडक केलेलें चित्र पाठविलें. सूर्यास्तावर खुणांचा पाऊस पडला. हातांना बोटांवर मोजण्याइतक्या मिळाल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्या मुलानें आपलें चित्र काढून टाकिलें. पुढें वर्गांत आम्हीं तीं दोन्ही चित्रें, कोणाचीं तें न सांगतां, मुलांपुढें ठेविलीं आणि प्रत्येक चित्र दोन मिनिटें न बोलतां पाहावयास सांगितलें. सूर्यास्ताविषयीं मुलें अर्ध्या मिनिटांत थकलीं. हातांच्या चित्राविषयीं मात्र दुसरें मिनिट संपतां संपतां मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, “बोटांतल्या अंगठीला दोरा कां गुंडाळला आहे?” बोट वाळलें आणि अंगठी सैल झाली कीं बायका तिला दोरा गुंडाळतात, हें वर्गांतल्या बहुतेकांस ठाऊक होतें. क्षणभर कोणी बोललें नाहीं. ज्यानें चित्र घेतलें होतें तो हळूच म्हणाला, “त्यासाठींच तर घेतलें होतें.”

तो दोरा पहिल्या दिवशींही चित्रांत होताच. तो पाहाण्यास बुद्धि विशेष लागत नव्हती, कलेचें शिक्षण लागत नव्हतें. दोन मिनिटें तेवढीं लागत होतीं. तीं न मिळाल्यामुळें एक मुलगा असें शिकणार होता कीं आईचे हात दाखविण्याजोगे नाहींत आणि भडक केलेला सूर्यास्त तेवढा दाखविण्याजोगा आहे. मुलें आपल्या स्तुतीच्या दिशेनें वाढतात. आपण ज्याची स्तुति करूं तेंच तीं उद्यां पाहूं लागतील; आणि ज्याकडे आपण पाहाणार नाहीं तें पाहाण्याचें तींही सोडून देतील.

साधें निरीक्षण किती दूर जाऊं शकतें ह्याचें उदाहरण आपल्याच प्रांतांत आहे. २०२२ सालीं ॲपल कंपनीनें अगदीं जवळून घेतलेल्या मोबाईल-छायाचित्रांची जागतिक स्पर्धा ठेविली होती. परीक्षकांनीं निवडलेल्या दहा चित्रांत कोल्हापूरच्या एका तरुणाचें चित्र होतें. विषय काय, तर कोळ्याच्या जाळ्यावर पडलेलें दंव! असलीं जाळीं आपल्या कुंपणांवर रोज असतात, आणि दंवही हिवाळ्यांत रोज पडतें. त्यासाठीं हिमालयांत जावें लागलें नाहीं. सकाळीं फिरतांना थांबावें मात्र लागलें. आणि हें विसरूं नये कीं, तिकडे पाहणारेही थांबले, म्हणूनच तें चित्र निवडलें गेलें.

आतां परीक्षणाचें काम पूर्वींपेक्षां अवघड झालें आहे हें आम्ही मान्य करितों. मोबाईलचा कॅमेरा हा केवळ डोळा राहिला नाहीं, त्याला मेंदू फुटला आहे. एकदां बोट दाबलें कीं तो अनेकदां लागोपाठ अनेक चित्रें घेऊन त्यांचें एक करितो, अंधार उजळितो, चेहऱ्यावरचे डाग पुसतो. २०२३ सालीं एका जिज्ञासू गृहस्थानें चंद्राचें मुद्दाम अस्पष्ट केलेलें चित्र संगणकाच्या पडद्यावर ठेविलें आणि अंधाऱ्या खोलींतून एका प्रसिद्ध कंपनीच्या मोबाईलनें त्याचें छायाचित्र घेतलें. तर मूळ चित्रांत नसलेले खांचखळगे मोबाईलनें चंद्रावर उमटविले! अशा चित्राची तारीफ करावयाची ती कोणाची? उलट दिशेनेंही चुका होतात. त्याच वर्षीं सिडनी येथें एका मातेनें प्रदर्शनांतील दोन पुतळ्यांसह आपल्या मुलाचें मोबाईलवर घेतलेलें खरें चित्र स्पर्धेस पाठविलें, तें कृत्रिम बुद्धिमत्तेनें बनविलेलें असावें असा संशय घेऊन परीक्षकांनीं बाद केलें. २०२४ सालीं तर अमेरिकेंतील एका स्पर्धेंत, कृत्रिम बुद्धिमत्तेनें काढलेल्या चित्रांसाठीं राखलेल्या विभागांत, एका छायाचित्रकारानें मुद्दाम फ्लेमिंगो पक्ष्याचें अस्सल छायाचित्र घातलें. मान वळवून पोट खाजविणाऱ्या त्या पक्ष्याचें डोकें दिसत नव्हतें. परीक्षकांनीं त्याला बक्षीस दिलें, लोकांनींही मतें दिलीं; आणि चित्र खरें आहे असें कळतांच तें बाद झालें.

ह्या उदाहरणांवरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं परीक्षण आतां अशक्य झालें. आमचा निष्कर्ष निराळा आहे. केवळ चित्राकडे एक दृष्टिक्षेप टाकून निकाल देण्याचे दिवस गेले. आतां चित्र घेणाऱ्यास विचारलें पाहिजे. कोठें घेतलें? किती वाजतां? उजेड कोणीकडून होता? मागाहून काय फेरफार केला? ज्यानें खरोखर पाहून घेतलें त्याला हें प्रश्न संकट वाटणार नाहींत. उलट कोणी तरी विचारलें म्हणून त्याचा चेहरा खुलेल. आणि न्याय करणाऱ्यास यंत्राचे साधे धर्म ठाऊक असावेत. भिंगाला बोटाचें तेल लागलें कीं दिव्यांभोंवतीं धुकें दिसतें. अनेक मोबाईलांत चित्र बोटांनीं फार ओढून मोठें केलें कीं नवीन कांहीं दिसूं लागत नाहीं, असलेलेंच फाटतें. आणि संदेशांतून पाठविलेलें चित्र वाटेंत आकसतें, त्यामुळें त्यांतली अस्पष्टता कित्येकदां टपालाची असते, चित्रकाराची नसते. हें न जाणतां ‘धूसर आहे’ म्हणून मोकळें होणें म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

आणखी एक व्यक्ति ह्या व्यवहारांत आहे, तिच्याकडे तर कोणाचेंच लक्ष जात नाहीं. चित्र घेणाऱ्यास कौतुक मिळतें, पाहणाऱ्यास करमणूक मिळते. पण ज्याचें चित्र आहे त्याला काय मिळतें? ऊंस तोडणारी बाई, वारींत थकून रस्त्याच्या कडेला निजलेला म्हातारा, सिग्नलवर फुगे विकणारें मूल, ह्यांचीं चित्रें स्पर्धांत पुष्कळ येतात, आणि त्यांना खुणाही पुष्कळ पडतात. दारिद्र्य छायाचित्रांत फार सुरेख दिसतें, हीच त्यांतली भीति आहे. त्या म्हाताऱ्याला आपण निजलों असतां शेंकडों अनोळखी डोळ्यांपुढें मांडले गेलों हें ठाऊक आहे काय? त्याला विचारलें असतें तर तो ‘हो’ म्हणाला असता काय? आमच्या मतें परीक्षकाचा पहिला प्रश्न हाच असावा, आणि ह्याचें उत्तर समाधानकारक नसेल तर उजेड कितीही सुंदर असो, त्या चित्राला बक्षीस असूं नये. ज्याच्या चेहऱ्यावर आपण कीर्ति मिळवितों त्याला निदान तें चित्र दाखवावें, त्याचें नांव विचारावें, आणि तो नको म्हणाला तर पुसून टाकावें. एवढी साधी रीत जो पाळीत नाहीं त्याची दृष्टि कितीही तरबेज असली तरी ती सभ्य माणसाची दृष्टि नव्हे.

येथें आमच्यावर एक आक्षेप येईल तो आम्हांस दिसतो आहे. “ही सारी हौस आहे, दिवसभराच्या कामानंतरचा विरंगुळा आहे. त्यांत ऋण, न्याय, नियम हे जड शब्द कशाला? आणि उघड परीक्षण सुरू झालें कीं चार चौघांत एखाद्याचा पाणउतारा होईल, तो वेगळाच.” आक्षेपांतील दुसरा भाग आम्हांस गंभीर वाटतो. दोष काढण्यांत धन्यता मानणारे लोक प्रत्येक मंडळांत असतात. क्षितिज वांकडें आहे एवढें म्हणण्यासाठीं जे दिवसभर टपलेले असतात, त्यांनाही आम्ही पाहणारे म्हणत नाहीं. न पाहतां दिलेली शाबासकी आणि न पाहतां मारलेला टोमणा हीं सख्खीं भावंडें आहेत. परंतु हौस म्हणून तिला कांहींच रीत नको, हें आम्हांस पटत नाहीं. भजनाला बसणें हीही हौसच आहे, पण तेथें टाळ वाजविणारा दुसऱ्याचा सूर ऐकूनच वाजवितो. आणि खेळांत तर नियम नसले कीं खेळच राहात नाहीं.

म्हणून अशीं मंडळें चालविणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मित्रांस आम्ही कांहीं सूचना करूं इच्छितों. एका सभासदानें आठवड्यास एकच चित्र पाठवावें. निवड करणें हा परीक्षणाचा पहिला धडा आहे, आणि तो स्वतःच्या चित्रांवर गिरवावयाचा आहे. जो एक चित्र पाठवील त्यानें दुसऱ्यांच्या दोन चित्रांवर चार ओळी लिहाव्या. त्या ओळींत ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘वा’ हे शब्द शेवटीं येऊं द्यावे. आधीं चित्रांत काय आहे तें सांगावें, म्हणजे नजर प्रथम कोठें गेली, उजेड कोणीकडून आला, कडेला काय तुटलें, मागें कशाची गर्दी झाली. दोष सांगावयाचा तो पुढच्या वेळीं उपयोगी पडेल अशा शब्दांत सांगावा: ‘दोन पावलें पुढें गेलां असतां तर’ असें म्हणावें, ‘जमलें नाहीं’ असें म्हणूं नये. स्पर्धा असेल तर निकाल लागेपर्यंत नांवें व आंकडे झांकून ठेवावे. आणि माणसाचें चित्र असेल तर त्याची संमति घेतली कीं नाहीं तें खालीं स्वच्छ लिहावें.

ह्या रीतीनें चित्रें कमी येतील हें खरें. खुणाही कमी पडतील. पण ज्या मुलानें भीत भीत आपलें पहिलें चित्र पाठविलें असेल त्याला दुसऱ्या दिवशीं कोणाच्या तरी चार ओळी मिळतील, आणि त्या ओळींवरून त्याला कळेल कीं आपण जें पाहिलें तें दुसऱ्या एका मनुष्यानेंही पाहिलें. हजार आंगठ्यांनीं हें कळत नाहीं. विद्यार्थी मित्रहो, ह्या सुट्टींत तुमच्या मोबाईलवर शेंकडों चित्रें येतील. त्यांतलें एक निवडा, बाकीचीं बाजूस ठेवा, दोन मिनिटें तें पाहा, आणि ज्यानें तें घेतलें त्याला काय दिसलें तें लिहून कळवा.